सांगितलं तर फोन जाईल

गेल्या महिन्यात नाशिकमध्ये आमच्या भागातल्या एका शाळेत पालकसभा झाली. विषय एकच, आठवी-नववीच्या मुलांच्या हातातला मोबाइल. पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत फोनला हात लावू द्यायचा नाही, ऑस्ट्रेलियाने केलंच ना. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जग कुठे चाललंय, उद्या हीच पोरं मागे पडली तर कोण भरून देणार. एका गृहस्थांनी कोरोनातल्या ऑनलाइन शाळेवर खापर फोडलं, एका आजोबांनी आईबापांच्याच हातातल्या फोनवर, आणि टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. शेवटी ठरलं ते असं की शाळेत फोन सापडला तर जप्त करायचा आणि पालकांना बोलावून घ्यायचं. चहा-बिस्किटं झाली, मंडळी पांगली. दोन तासांत एक प्रश्न मात्र कोणाच्याच तोंडून आला नाही. यातल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत फोनवर उद्या काही वाईट घडलं, तर ते पोर सांगणार कोणाला?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. फोन द्यावा की देऊ नये हा वाद आपण भलत्याच टोकाने धरला आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं ऑनलाइन जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं पहिल्या चुकीने होत नाही, चुकीनंतर गप्प बसण्याने होतं. आणि मूल गप्प बसतं ते भोळेपणामुळे नव्हे. सांगितलं तर काय होईल याचा हिशेब त्याने चोख मांडलेला असतो. फोन जाईल, क्लास बंद होईल, बाबा आठवडाभर बोलणार नाहीत, आई मावशीला सांगेल आणि मावशी सगळ्या गावाला. सांगण्याची ही किंमत आपण मोठ्यांनी लावून ठेवलेली आहे. ती उतरवल्याशिवाय बंदी आणा, नाहीतर सायबर जागृतीची व्याख्यानं ठेवा, दोन्हीचा उपयोग बेताचाच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या नात्यातल्या नववीतल्या एका मुलाला इन्स्टाग्रामवर एका ‘मुलीची’ रिक्वेस्ट आली. चार दिवस गप्पा झाल्या, क्रिकेटच्या, शाळेतल्या सरांच्या, मग रात्री उशिराच्या. तिने स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला आणि तसाच त्याचा मागितला. त्याने पाठवला. पाच मिनिटांत त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट समोर आला, त्यात मामा, आत्या, क्लासच्या मॅडम, वर्गातली मुलं. खाली एक ओळ, ‘दोन हजार टाक, नाहीतर सगळ्यांना जाईल.’ फोन आईचा, यूपीआयचा पिन याला पाठ. आधी पाचशे गेले, मग सातशे. आईला वाटलं बँक पुन्हा कसलेतरी चार्जेस कापतेय. पोरगं जेवेनासं झालं तेव्हा वाटलं परीक्षेचं टेन्शन. अकरा दिवस हे असं चाललं.

बाराव्या दिवशी त्याने सांगितलं, पण कोणाला, तर शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना. बाकीची मुलं उतरून गेली होती, हा शेवटचा, पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला व्हॅन उभी. काकांनी आरशात बघत सहज विचारलं, ‘काय रे, हल्ली गाणी लावायला सांगत नाहीस?’ एवढ्यावर बांध फुटला. काकांनी व्हॅन कडेला घेतली, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, ‘आता एक रुपया द्यायचा नाही. चल, घरी मी येतो बरोबर.’ पुढे सगळं निस्तरल्यावर मी त्याला विचारलं, अरे, आईला का नाही सांगितलंस? मला का नाही? तो खाली बघत म्हणाला, ‘काका फोन काढून घेऊ शकत नाहीत ना.’

या एका वाक्याने माझी समजूत उलटीपालटी झाली. पलीकडच्या त्या भामट्याकडे हत्यार होतं तरी काय? फोटो म्हणावं, तर तो एकदा सगळ्यांना पाठवून टाकला की संपला, मग पैसे कशाच्या जोरावर मागणार? त्याचं खरं भांडवल होतं ते या मुलाला घरच्यांची वाटणारी भीती. ती त्याने निर्माण केली नव्हती. आम्ही ती वर्षानुवर्षं जोपासून आयती तयार ठेवली होती, त्याने फक्त वापरली.

आता बंदीवाल्यांची बाजू, कारण ती कच्ची नाही. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली आहे. त्यामागचा युक्तिवाद असा की एकट्या घराने बंदी केली तर ते पोर वर्गात एकटं पडतं, सगळ्यांनाच मनाई असली तर कोणीच एकटं पडत नाही. हे खरं आहे. दुसरा मुद्दा याहून वजनदार. एका बाजूला बारा वर्षांचं पोर आणि दुसऱ्या बाजूला त्याचा अंगठा स्क्रीनवरून हलू नये म्हणून पगार घेणारे शेकडो इंजिनिअर, ही कुस्ती मुळात जोडीची नाही. 2017 मध्ये लंडनमध्ये एका 14 वर्षांच्या मुलीने जीव दिला. 2022 मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवलं की तिच्यासमोर ऑनलाइन एकामागून एक येत राहिलेल्या, स्वतःला इजा करण्याच्या आणि आत्महत्येच्या मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता. तिथे कोणी भामटा नव्हता, कोणी पैसे मागत नव्हतं. होतं ते फक्त यंत्र, एक बघितलं म्हणून पुढचं आणून देणारं. अशा यंत्रापुढे ‘मुलांना समजावून सांगा’ म्हणणं म्हणजे धरणफुटीपुढे पाटी धरणं नाही का?

मान्य. कंपन्यांना वेसण घातलीच पाहिजे. पण ऑस्ट्रेलियाचं नाव घेणारे आपले लोक त्या कायद्यातली मुख्य गोष्ट सोयीस्कर विसरतात. तिथे शिक्षा मुलाला नाही, आईबापांनाही नाही. दंड आहे तो कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपण आमच्या शाळेत काय ठरवलं? फोन जप्त आणि पालकांना निरोप. नाव ऑस्ट्रेलियाचं आणि छडी जुनीच, आपली. शिवाय लंडनच्या त्या मुलीच्या घरच्यांना ती काय बघत होती याचा पत्ता नव्हता, हे त्या प्रकरणातलं सगळ्यांत बोचणारं सत्य आहे. तिचे वडील गेली कित्येक वर्षं कंपन्यांशी झगडत आहेत, आणि सरसकट बंदीवर त्यांचाही विश्वास नाही.

लांब कशाला जायचं, आपल्याच राज्यातली दोन गावं घेऊ. 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. दोन्ही ठरावांचं तेव्हा सारखंच कौतुक झालं, पण ते एका जातीचे नाहीत. वडगावचा भोंगा आजीच्या मालिकेलाही लागू आणि बापाच्या व्हॉट्सॲपलाही. बान्सीचा ठराव फक्त मुलांना. पहिल्यात मूल गावाच्या बरोबरीने बसतं, दुसऱ्यात ते आधीच आरोपी ठरतं. बंदी मोडून फोन वापरणाऱ्या आरोपीला तिथे काही त्रास झाला, तर तो ग्रामसभेकडे दाद मागायला जाईल?

बंदी मोडली जाणार हे तर दिसतंच आहे. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या अहवालात, 2024 च्या ग्रामीण पाहणीत, 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. आता याच पाहणीतला दुसरा आकडा बघा, जो सभांमध्ये कोणी सांगत नाही. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं 14 व्या वर्षी 27 टक्के, 16 व्या वर्षी जेमतेम 38 टक्के. म्हणजे बहुतेक मुलं वापरतात तो फोन आईचा, काकाचा, मोठ्या भावाचा असतो. ‘मुलाला फोन घेऊन देऊ नका’ या सल्ल्याने यातल्या किती जणांचं रक्षण होणार? आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्या खात्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे 62 टक्क्यांना ठाऊक होतं. पेला अर्धा भरलेला म्हणा हवं तर. मला उरलेली 38 टक्के दिसतात, रस्त्यावर आहेत पण ब्रेक कुठला हे माहीत नसलेली.

दुसरा आक्षेप असा की धोका ओळखायला शिकवायचं म्हणजे धोक्याची ओळख करून द्यायची. नको त्या गोष्टी पोरांच्या डोक्यात आपणच का भरायच्या? या आक्षेपाचं वय शंभरीकडे झुकलंय. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे सरळ उत्तर देत. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि खटला हरले. लक्षात घ्या, प्रश्न कर्व्यांनी कोणाच्या डोक्यात भरले नव्हते. ते लोकांकडे होतेच. गुन्हा ठरला तो उत्तर देणं. पुढे 2007 मध्ये महाराष्ट्राने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. योगायोग असा की पहिला आयफोन त्याच वर्षी बाजारात आला. शिक्षक गप्प बसले आणि शिकवणीचा ठेका भलत्याच कोणाकडे गेला. आज आठवीतल्या पोराला पॉर्न म्हणजे काय हे शिक्षकांकडून कळेल ही भीती बाळगणाऱ्यांनी एकदा शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून बघावं. सप्टेंबर 2024 मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण बाळगणं आणि पाहणं यावर कडक निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाची गरज बोलून दाखवली. कायदा कडक करणं आणि मोकळं बोलणं यांत त्या न्यायालयाला विरोध दिसला नाही. आपल्याला का दिसतो?

तिसरा आक्षेप जरा लाजत मांडला जातो. मुलांना कळत नाही हो, वयच नाही त्यांचं. बरं. मग 1 जुलै 2018 आठवा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठेचून मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावात तशाच अफवेवरून जमाव एका कुटुंबावर चालून गेला, पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरणारे ते व्हिडिओ पुढे ढकलणारे आठवीतले नव्हते. मतदार होते, बाप होते, काही तर पोरांना ‘मोबाइलने डोकं खराब होतं’ म्हणून ओरडणारेही असतील. ऑनलाइन विष ओळखण्याची अक्कल मिशीबरोबर आपोआप फुटत नाही. शिकावी लागते. आणि आपण स्वतःच नापास झालेल्या परीक्षेला मुलांना बसवतोय, हे मान्य केलं तर शिकवण्याचा सूर जरा खाली येईल.

शिकवायचं काय, हे मात्र नीट ठरवावं लागेल. आपण राक्षस दाखवत बसतो. 2017 मध्ये ‘ब्लू व्हेल’ने, म्हणजे मुलांना हातावर देवमासा कोरायला आणि शेवटी जीव द्यायला लावतो म्हणतात त्या ऑनलाइन खेळाने, अख्ख्या देशाला घाम फोडला. शाळांनी परिपत्रकं काढली, आया पोरांचे दंड तपासत होत्या. पुढे सरकारनेच संसदेत सांगितलं की तपासलेल्या एकाही प्रकरणात त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. खरं संकट देवमाशाचं चित्र लावून येत नाही, ते ‘हाय, तू कोणत्या शाळेत?’ म्हणत येतं. म्हणून मजकूर घाणेरडा आहे का, एवढंच बघायला शिकवून भागत नाही. समोरचा मागतोय काय, हे बघायला शिकवावं लागतं. ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ म्हणतोय? ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणून घाई करतोय? इथे नको, टेलिग्रामवर ये म्हणतोय? ओळख चार दिवसांची आणि बक्षीस दहा हजारांचं? माझ्या नात्यातल्या त्या मुलाला अश्लील फोटो वाईट असतात हे पक्कं माहीत होतं. रात्री साडेअकराला आलेलं ‘कोणाला सांगू नकोस हं’ हे खरं धोक्याचं वाक्य आहे, हे त्याला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

आणि जिथे कोणी काही मागतच नाही, नुसतं पाणी चढत जातं, तिथे काय? नाशिककरांना हे समजवायला मला गोदावरीच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची मदत होते. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा पेपरात येतो, घाटावरच्या माणसाला तो कळतोच असं नाही. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटल्यावर मात्र भांडी बाजारापासून सराफ बाजारापर्यंत सगळ्यांना कळतं की आता सामान वर चढवायचं. रील्सच्या पाण्यालाही अशी खूण लागते. एक मुलगी आधी डब्याच्या पाककृती बघते, मग पोट कमी करण्याचे उपाय, मग दिवसातून एकदाच खाणाऱ्यांची फुशारकी, मग न खाण्याचंच कौतुक. एकही व्हिडिओ सुटा काढून दाखवला तर कोणी त्याला भयंकर म्हणणार नाही. भयंकर आहे तो चढ. मुलग्यांकडे हाच चढ कोयत्याच्या दिशेने जातो. आधी जिमची गाणी, मग कॉलर ताठ केलेले ‘भाऊ’, मग केक कापायला तलवार. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिक पोलिसांनी भाईगिरी करणाऱ्यांना उचललं आणि त्यांच्याच तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ वदवून घेतलं. गावाला बरं वाटलं, मलाही वाटलं. पण त्या कारवाईच्याही रील्सच झाल्या, पाठीमागे संगीत लावून. तेरा वर्षांच्या पोराच्या फोनवर आधी कोयता येतो, मग लंगडत चालणारा कोयतेवाला येतो, आणि मध्ये एक जाहिरात. त्याने यातून काय शिकायचं, हे आपण कधी त्याच्या शेजारी बसून बोललोय? ‘हे बघून झाल्यावर तुला कसं वाटतं? मागच्या महिन्यात हे येत होतं का रे तुझ्याकडे?’ एवढे दोन प्रश्न पुरतात, पाणी कुठवर आलंय ते कळायला. ते विचारताना हात मात्र फोनकडे जाता कामा नये.

इथे शिस्तवाले उसळतील. म्हणजे पोरांनी वाट्टेल ते करावं, वर येऊन सांगितलं की माफ? नाही. इथे एक फरक आहे आणि तो माझ्या आजीला बरोबर कळला होता. 1991 च्या सिंहस्थात मी आठ वर्षांची होते. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, निघताना आजीने बजावलं होतं, ‘चुकलीस तर दुतोंड्या मारुतीपाशी जाऊन उभी राहा. कोणी काही देऊ केलं तरी तिथून हलायचं नाही.’ बांगड्यांच्या एका पथारीपाशी मी तिचा हात सोडला आणि अर्थातच चुकले. मारुतीपाशी जाऊन रडत उभी राहिले. आजी आली, तिने आधी पदराने तोंड पुसलं, लिमलेटची गोळी दिली. रागावली ती घरी गेल्यावर, आणि रागावली ते हात सोडल्याबद्दल. मारुतीपाशी जाऊन थांबल्याबद्दल तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट शेजारणीला कौतुकाने सांगितलं. चुकीचा हिशेब वेगळा आणि परत येण्याचा वेगळा. आपण आज दोन्ही एकाच वहीत मांडतो. पोरगं येऊन सांगतं त्या क्षणीच फोन काढून घेतला, तर त्याच्या लेखी ती शिक्षा फोटो पाठवल्याची होत नाही, सांगितल्याची होते. पुढच्या वेळी ते फोटो पाठवणं टाळेल की नाही कोण जाणे, सांगणं नक्की टाळेल.

आता हा मारुती कुठे आहे, हे मुलांना कोण दाखवणार? 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मुलाने स्वतः फिरवला तरी चालतो. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930, आणि तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाची तक्रार नाव न देताही करता येते. मन सैरभैर झालं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416, तिथे मराठीत बोलता येतं. अमेरिकेतल्या एका संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सोय आहे, 18 वर्षांखालच्यांच्या नग्न किंवा अश्लील फोटोंसाठी. तिची गंमत अशी की फोटो कोणाला पाठवावाच लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या तो जुळला की फोटो उतरवतात. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, खाजगी चॅटवर ती चालत नाही, तरी अकरा रात्री जागणाऱ्या पोराला एवढं माहीत असतं तर? आणखी एक, घाबरून चॅट पुसून टाकायचं नाही. त्या खात्याचं नाव, लिंक, पैसे मागितल्याचे मेसेज आणि व्यवहाराचा नंबर हाच पुरावा. फोटो मात्र ‘पुरावा म्हणून’ मामाला, काकाला फॉरवर्ड करत सुटायचं नाही.

यातलं सगळं मलाही आधी ठाऊक नव्हतं. आम्ही तक्रार घेऊन एका ठिकाणी गेलो तेव्हा टेबलामागच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, ‘पण याने फोटो पाठवलाच कशाला?’ पोरगं माझ्या शेजारी बसलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेचा अर्थ मला स्वच्छ कळला, बघ, म्हणूनच सांगत नव्हतो. दुसऱ्या खेपेला एक बाई भेटल्या, त्यांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, ‘कधीपासून झोपला नाहीस?’ काम त्यांच्याकडून झालं. तोच कायदा, तोच अर्ज. मदतीचे क्रमांक भिंतीवर लावणं सोपं आहे. पलीकडून पहिलं वाक्य कोणतं येतं यावर दुसऱ्यांदा फोन लागतो की नाही हे ठरतं. म्हणून प्रशिक्षण द्यायचंच असेल तर आधी टेबलामागच्या आणि फळ्यासमोरच्या मोठ्यांना द्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की मुलाविरुद्ध असा गुन्हा घडल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. ‘आपल्यातच मिटवू’ ही शाळांची आणि सोसायट्यांची लाडकी पद्धत कायद्यात बसत नाही. हे मुलालाही आधी सांगायला हवं. तू मला सांगितलंस तर काही गोष्टी मला पुढे सांगाव्याच लागतील, पण तुला विचारून, तुझ्यासोबत, तुझ्या बाजूने. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं खोटं वचन देऊन मिळवलेला विश्वास दोन दिवस टिकतो.

एक आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. शेजारी बसा, बोला, विचारा, हे सांगायला काय जातं? अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या बापाने कधी बसायचं? चार घरची कामं करणाऱ्या आईला इन्स्टाग्राम म्हणजे काय हे कोण समजावणार? माझा सगळा युक्तिवाद कॉलेज रोडच्या दिवाणखान्यासाठीच आहे की काय? यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे, आणि ते व्हॅनवाल्या काकांनी दिलेलं आहे. त्या माणसाला अल्गोरिदम हा शब्द माहीत नाही. इन्स्टाग्रामवर खातं नाही. त्याला एवढंच दिसलं की रोज गाणी लावायला सांगणारं पोर गप्प झालंय, आणि ऐकून घेतल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही. अशी माणसं प्रत्येक मुलाच्या आसपास एखाद-दुसरी असतातच. शाळेतल्या मावशी, अभ्यासिकेतला दादा, पीटीचे सर, वरच्या मजल्यावरची आजी. आईबापांनी सगळं स्वतःच केलं पाहिजे हा हट्ट सोडून ‘मला सांगता आलं नाही तर यांना सांग, मी चिडणार नाही’ असं एक नाव मुलाला देऊन ठेवलं, तर रात्रपाळीवाल्या बापालाही ते जमण्यासारखं आहे. एवढी काळजी मात्र घ्यावी की ते नाव मुलाने निवडलेलं असावं, आणि त्या माणसाने गुपित ठेवायला सांगितलं तर तोही धोकाच समजावा.

त्या पालकसभेनंतर मी शाळेला एक पत्र दिलं. फोनजप्तीचा नियम हवा तर ठेवा, पण त्याखाली एक ओळ घाला, की जो विद्यार्थी फोनवरचा त्रास स्वतःहून येऊन सांगेल त्याच्यावर हा नियम लागू होणार नाही. आणि पुढच्या सभेला व्हॅनवाले, रिक्षावाले आणि शाळेतल्या मावशींनाही बोलवा, खुर्च्या मी आणून देते. ओळ घालायची की नाही यावर समिती विचार करते आहे. व्हॅनवाल्यांबद्दल विचारलं तेव्हा कार्यालयातून उत्तर आलं, ‘त्यांचं इथे काय काम?’ काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही. परवा फाट्यावर त्यांची व्हॅन दिसली, काचा खाली, गाण्याचा आवाज जरा जास्तच मोठा, आणि मागच्या सीटवर आमचं पोरगं दुसऱ्या मुलाशी खिडकीवरून भांडत होतं.